स्क्रिप्ट विकायची आहे? आधी मेहुण्याच्या हातात द्या

माझी पीएचपी स्क्रिप्ट (वेबसाइटवर चालणारा छोटा प्रोग्राम) शिकवणी क्लासची फी सांभाळते. कोणाचा हप्ता थकला, कोणाला पावती द्यायची, बस. मिरजेतल्या एका क्लाससाठी लिहिली होती. मग वाटलं, कोडकॅनियनसारख्या, तयार कोड विकणाऱ्या ऑनलाइन बाजारात टाकू. लिहायला महिना लागला, विकण्याजोगी करायला तीन.

आधी मालकी बघा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७. फ्रीलान्स केलं असेल तर करारपत्र काढून वाचा. मी क्लासच्या सरांकडून 'दुसऱ्यांना विकायला हरकत नाही' असं दोन ओळींत लिहून घेतलं.

मग आत वापरलेला उसना माल. मी आलेखासाठी हायचार्ट्स लावलं होतं, ते व्यावसायिक वापराला पैसे मागतं. काढून चार्ट.जेएस बसवलं, त्याला एमआयटी परवाना आहे, म्हणजे विकायच्या मालातही फुकट वापरता येतं. फक्त त्यांची कॉपीराइटची ओळ उडवायची नाही.

आता माझी फजिती. ईमेलचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये होता, तो काढला आणि अख्खं फोल्डर झिप केलं. आत लपलेलं .गिट फोल्डर (कोडमधले सगळे जुने बदल जिथे साठतात) तसंच गेलं, आणि त्यात जुना इतिहास, म्हणजे पासवर्डसकट! नशीब, अपलोड करण्याआधी झिप उघडून पाहिली. तेव्हापासून झिप 'गिट आर्काइव्ह' कमांडनेच बनवतो, त्यात .गिट येत नाही. पासवर्ड तर त्याच दिवशी बदलला.

रुपयाचं चिन्ह मी पानोपानी हाताने टाकलेलं होतं. आकडाही १,००,००० असाच छापायचा. बाहेरच्या गिऱ्हाइकाला लाखाचा स्वल्पविराम काय कळणार? चलन, तारीख, आकड्याची पद्धत, सगळं सेटिंगमध्ये न्या.

आणि मग मेहुणा. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, कोडशी संबंध नाही. त्याला झिप, माझी माहितीपुस्तिका आणि कोरं सीपॅनल (वेबसाइटचं होस्टिंग सांभाळायचं पान) दिलं आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसलो. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'डेटाबेस तयार करा.'

"कुठं तयार करू?"

सापडलं त्याला. नाव दिलं 'फीज'. सीपॅनलने आपणहून पुढे खात्याचं नाव जोडलं, मेहुण्याने स्क्रिप्टमध्ये नुसतं 'फीज' भरलं, कनेक्शन बसेना. "दाजी, तुमचा माल खराब हाय." हेच परक्या गिऱ्हाइकाने एक तारा देऊन लिहिलं असतं. त्या पानावर मी चित्र टाकलं, पूर्ण नाव लाल चौकटीत. इन्स्टॉलरही असा केला की पीएचपीची आवृत्ती आणि लागणारी एक्स्टेन्शन (पीएचपीचे जोडभाग) तपासल्याशिवाय पुढे जातच नाही.

परवाना नीट समजून घ्या. कोडकॅनियनवर रेग्युलर आणि एक्स्टेंडेड असे दोन. ज्या अंतिम उत्पादनासाठी वापरणाऱ्यांकडून पैसे घेतले जातात त्याला एक्स्टेंडेड लागतो. कमिशनचा आकडा त्या त्या बाजाराच्या पानावरच वाचा, बदलत राहतो. अमेरिकी कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म आळस न करता भरा: भारताशी करार असल्यामुळे तिथल्या रॉयल्टीवर सर्वसाधारणपणे ३० ऐवजी १५ टक्केच कापतात. जीएसटीचं सीएला विचारा.

सपोर्ट देतो असं कोडकॅनियनवर लिहिलंत तर तो सहा महिने द्यावा लागतो, तो किमतीत धरा. 'पांढरा पडदा दिसतोय' असा निरोप आला की वाद घालू नका, आधी एरर लॉग (चुकांची नोंद असलेली फाइल) मागा. माझ्याकडे बहुतेक वेळा होस्टिंगवर एखादं एक्स्टेन्शन बंद निघतं.