फ्रीलान्स कामाचे पैसे अडकलेत? वसुलीची सुरुवात अशी करा

"अकाउंट्सवाले रजेवर आहेत." "साहेबांची सही राहिलीय." "या आठवड्यात नक्की." भाषांतराची कामं करता करता ही वाक्यं मला पाठ झालीत. एका एजन्सीच्या अशा भरवशावर मी पाच महिने काढले.

१. कागद जमवा. दर ठरल्याचा मेल, फाइल पाठवल्याची तारीख, "मिळालं, छान झालंय" हे उत्तर आणि इन्व्हॉइस एका फोल्डरमध्ये ठेवा. छापील करार नसला तरी मेलवर ठरलेलं पुरावा म्हणून चालतं. व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. मग आयकर पोर्टलवर तुमच्या नावे टीडीएस (कंपनीने तुमच्या पैशांतून कापून सरकारकडे भरलेला कर) जमा आहे का ते बघा. कंपनीने तो भरला असेल, तर "तुमचं बिल आलंच नाही" म्हणायला तिला तोंड राहत नाही.

२. रक्कम लेखी कबूल करून घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि आपण नेमके इथेच फोनवर भांडून मोकळे होतो. त्याऐवजी दोन ओळींचा मेल टाका: "अमुक इन्व्हॉइसचे ४८,००० रुपये बाकी आहेत. कोणत्या तारखेला जमा होतील?" समोरून "१५ तारखेला करतो" एवढं आलं तरी काम वाईट होतं वगैरे कुरबुरी पुढे टिकणं अवघड. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते; त्या काळात सहीनिशी कबुली मिळाली तर मुदत तिथून नव्याने मोजतात.

३. 'उद्यम'चं हत्यार काढा. सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारकडे 'उद्यम' नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी. ती फुकट होते, एजंटला हजार रुपये देऊ नका.

शिवाय अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम वर्षअखेरीपर्यंत दिली नाही, तर कंपनीला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे सांगणारा मेल साहेबांना नको, अकाउंट्सवाल्यांना पाठवा. माझे पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले ते यामुळेच.

४. नोटीस, मग कोर्ट. वकिलाची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. लेखी करार असेल तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी लागते. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. पाच-सात हजारांसाठी मात्र मी कोर्टाची पायरी चढणार नाही, तिथे नोटिशीपर्यंतच.