खात्या-खात्यांची फ्लाय फिशिंग मॅच नागपुरात भरवायची तर काय काय करायचं

मी अग्निशमनमध्ये आहे, आणि आमच्यासारखेच पोलीस, महावितरण, एसटी, टपाल, मेडिकलचे लोक, यातले किती जण नाइट उतरली की गळ घेऊन तलावावर बसतात ते मला माहीत आहे. या सगळ्यांच्या टीम करून फ्लायची मॅच भरवता येते, खर्चही फार नाही, फक्त नियम आधी नीट ठरवायला पाहिजेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो.

ज्यांनी फ्लाय पाहिलीच नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. फ्लाय म्हणजे पिसं, लोकर, केस गळाला गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नसतं, म्हणून शिसं लावून फेकतो तसं इथे चालत नाही, इथे दोरीच जाड आणि जड असते, ती हवेत मागे-पुढे खेळवून सोडायची आणि किडा तिच्यासोबत जातो. ट्राउट आपल्याकडे नाही, त्याला थंड पाणी लागतं, तो काश्मीर-हिमाचलच्या नद्यांत. आपल्याकडे तिलापिया, खवली, रोहू आणि नशीब असेल तर मरळ.

महिना फेब्रुवारीच धरा. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात, मरळ तर पिल्लांच्या थव्याची राखण करत असते, तिला तेव्हा ओढून काढलं की मागे राहिलेली पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर विषयच काढू नका. मे महिन्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, सोडलेला मासा जगत नाही.

जागेचं म्हणाल तर फुटाळा, अंबाझरी डोक्यातून काढा, तिथे मागे फिरणारे लोक असतात आणि आपली दोरी जेवढी पुढे जाते तेवढीच मागे जाते. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाने तर तिकडे गळ घेऊन जाऊच नये. रामटेक, उमरेडकडे एखादा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, बघा ज्याचा काठ मोकळा आहे, पळसाची झुडपं पाठीमागे नाहीत. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे, ग्रामपंचायतीकडे की पाटबंधाऱ्याकडे, आणि मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे, हे आधी विचारा. ढीवर बांधवांनी तिथे माशांचं बीज सोडलेलं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांना जाऊन भेटा, दिवसाचे पैसे ठरवा, लेखी परवानगी घ्या. युनिफॉर्मवर जाऊ नका. आणि त्यांच्यातलीच चार पोरं मोजणीसाठी मजुरी देऊन घ्या, माशाला हात कसा लावायचा ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आता गुणांचं, हेच मुख्य आहे. वजनावर निकाल लावू नका, वजन करायचं म्हणजे मासा पिशवीत कोंबायचा. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं होतं, एका टबात मासे साठवले, शेवटी एकत्र मोजू म्हणून, आणि अकरा वाजता त्यातले अर्धे उलटे तरंगत होते, अजून आठवलं की वाईट वाटतं. फ्लाय फिशिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप 1981 पासून होते, तिथे लांबीवर गुण देतात, मासा मोजून लगेच पाण्यात. आपणही तसंच करायचं. ओल्या पट्टीवर मोजायचा, 15 सेंमीच्या खालचा धरायचा नाही, प्रत्येक माशाला 100 गुण आणि प्रत्येक सेंमीला 20. म्हणजे 30 सेंमीचा एक रोहू 700 चा आणि 15 सेंमीचे तीन तिलापिया 1200 चे, त्यामुळे मोठ्या माशाची वाट बघत बसलेल्यापेक्षा सतत हात चालवणारा पुढे जातो, आणि मला तेच बरोबर वाटतं.

पण हे गुण टीमचे म्हणून बेरीज करायचे नाहीत! सहा टीम, प्रत्येकी चार जण धरा. काठाचे चार भाग पाडा, अ ब क ड, प्रत्येक भागात प्रत्येक टीमचा एकच माणूस, म्हणजे एका भागात सहा जण, दोघांत 25 मीटर अंतर. गुणांवरून त्या भागात 1 ते 6 नंबर लावा, ज्याला काहीच लागलं नाही त्याला सरळ 6. मग टीमच्या चौघांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी ती टीम वर. एका टीमचा हिरो पहिला आला आणि बाकी तिघे कोरे राहिले तर 1+6+6+6 म्हणजे 19, आणि जिथे कोणीच हिरो नाही पण 2, 3, 3, 4 आले त्यांची बेरीज 12. दोन तासांचा एक राउंड, मग सगळे भाग बदलायचे, दुसरा राउंड दुसऱ्या भागात, कारण जिथे नाला येऊन मिळतो तिथे मासा जास्त आणि ती जागा एकाच माणसाकडे दिवसभर राहू नये. चिठ्ठ्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर टाका.

यावरून कळलं असेल की तयारी करताना सगळ्यात नवख्या माणसावर वेळ घालवायचा. आपल्यातला जो आधीच चांगला आहे तो दुसऱ्या नंबरवरून पहिल्यावर येईल, एवढाच फायदा, पण जो 6 वर आहे त्याला 3 वर आणलं तर तीन नंबर वाचले. क्वार्टरच्या ग्राउंडवर सकाळी अर्धा तास पुरतो, पाणी लागत नाही. गळाच्या जागी केशरी लोकरीचा तुकडा बांधा, 12 मीटरवर एक घमेलं ठेवा आणि त्यात टाकायचा प्रयत्न करा. काठी मागे नेली की थांबायचं, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची, मनगट मोडायचं नाही. चाबकासारखा फट्ट आवाज आला म्हणजे घाई झाली, तलावावर असा आवाज आला की फ्लाय तुटून गेलीच समजा. नवीन माणूस लांब फेकायच्या मागे लागतो, त्याला आवरा, सकाळी मासा काठाजवळच असतो, 12 मीटर नेमकं पडलं तरी भरपूर. उजव्या हाताचा माणूस असेल आणि वारा उजवीकडून असेल तर फ्लाय तोंडावर येते, अशा वेळी डाव्या खांद्यावरून फेकायला शिकवा. टोपी आणि चष्मा नसेल त्याला पाण्याजवळ येऊच द्यायचं नाही, हा नियम पक्का ठेवा, डोळ्याचा प्रश्न आहे.

सामान जास्त नको. 9 फुटी, 6 नंबरचा रॉड (नंबर म्हणजे दोरी किती जड त्याचा), त्याच नंबरची तरंगणारी दोरी, पुढे 9 फूट नायलॉन. चौघांत दोन रॉड असले तरी सराव होतो, मॅचला मात्र चार लागतात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, मासा पटकन सुटतो आणि आपल्या बोटात घुसला तरी निघतो. गाठ आवळताना थुंकी लावून ओली करा, कोरडी गाठ नायलॉन जाळते.

ड्यूटीचं आधीच लिहून ठेवा. कॉल आला तर आमचा माणूस रॉड टाकून पळणार, पोलिसाला बंदोबस्त लागणार, म्हणून प्रत्येक टीमला पाचवा माणूस राखीव ठेवा, जाणाऱ्याचे गुण तसेच धरून राखीव माणूस पुढे चालू ठेवील असा नियम करा. नाहीतर वाद होतो. साडेअकराला सगळं बंद, मग तर्री पोहे.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. तिलापिया परत सोडायचा की संस्थेला द्यायचा ते संस्थेलाच विचारा, तो बाहेरून आलेला मासा आहे, काहींना तो तलावात नकोच असतो. जाताना चारही भागांतून पायी फिरून नायलॉनचे तुकडे उचला, हातभर तुकडासुद्धा, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात.