मोटरहोमचं टायर एका कडेने खातंय, स्टिअरिंग थरथरतंय: आधी काय तपासायचं

फोर्स ट्रॅव्हलरसारख्या चासीवर बांधलेल्या मोटरहोमचं (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचं) टायर एका कडेने खायला लागलं की बहुतेक जण गाडी थेट अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) नेतात. खरं तर ते काम सगळ्यात शेवटी करायचं. वजन, हवा आणि सांध्यांमधला खेळ (ढिलेपणा) न बघता केलेलं अलाइनमेंट फार दिवस टिकत नाही, मग नवं टायरही तसंच झिजतं.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. प्रवासी गाडीतून माणसं उतरली की भार उतरतो. मोटरहोमचा ओटा, कपाटं, फ्रीज, बॅटऱ्या मात्र गाडी उभी असतानाही टायरांवरच असतात. त्यात १०० लिटरची पाण्याची टाकी डावीकडे बसवली असेल, तर ती भरल्यावर त्या बाजूला १०० किलो वाढले. प्रवासाला निघताना जशी भरता तशी गाडी भरा, माणसं बसवा आणि वजन करा: पूर्ण गाडीचं, फक्त पुढच्या चाकांचं, फक्त मागच्या चाकांचं. काट्याशेजारची जमीन सपाट असेल तर फक्त डाव्या चाकांचंही घ्या. एक्सलची मर्यादा गाडीच्या कागदपत्रांत सापडेल, टायरची त्याच्या कडेवर असते. तिथे ११२/११० असं लिहिलं असेल, तर ते टायर एकेरी चाकाला ११२० किलो आणि जोडटायरला (एका बाजूला दोन टायर शेजारी असतील तेव्हा) प्रत्येकी १०६० किलो पेलतं. मर्यादा ओलांडली असेल तर सामान कमी करा किंवा हलवा. हवा वाढवून मर्यादा वाढत नाही.

हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजा. एक्सलवरच्या सर्वांत जड चाकाचं वजन धरून टायर कंपनीच्या तक्त्यातला दाब घ्या आणि त्या एक्सलच्या सगळ्या टायरांत तेवढाच ठेवा. मागे जोडटायर असतील तर आतल्या टायरकडे हमखास दुर्लक्ष होतं. त्यात हवा कमी असली की बाहेरचं टायर त्याचाही भार उचलतं आणि दोन्ही बिघडतात. वॉल्व्हची वाढीव नळी गळतेय का, हे साबणाच्या पाण्याने बघा. जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. म्हणून जोडीत एक नवं आणि एक झिजलेलं टायर लावू नका.

आता टायरवरून हात फिरवा. मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी किंवा वजन जास्त. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) चुकलाय. एकाच एक्सलच्या दोन चाकांमधलं अंतर चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडेला मोजल्यावर योग्य मापापेक्षा ३ मिलिमीटरचा फरक निघाला, तर सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचं प्रत्येक टायर दर किलोमीटरला साधारण दोन मीटर आडवं घासलं जातं. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग किंवा बॅलन्सिंगकडे (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का याकडे) बघा. खळगे पडलेलं टायर दुरुस्तीनंतरही आवाज करत राहतं, त्यावरून दुरुस्ती फसली असं समजू नका.

खेळ तपासायला मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचं चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्याच्याभोवती वळतं तो उभा खिळा). मग डावी-उजवीकडे धरून हलवा, म्हणजे टायरॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) सांधे कळतात. पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश आणि ते एक्सलला आवळणारे यू-बोल्टही याच वेळी बघून घ्या. पुढे अखंड एक्सल आणि पाटे असतील तर अलाइनमेंटमध्ये सहसा फक्त टो बदलता येतो. कॅस्टरसाठी (किंगपिनचा पुढे-मागे कल) पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालावी लागते. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) बिघडला असेल तर एक्सल वाकला आहे किंवा किंगपिन झिजली आहे, आणि हे मशीनवर आकडे जुळवून सुटणार नाही.

थरथर कुठे आणि कधी जाणवते ते नीट पाहा. ७० ते ९० च्या वेगात फक्त स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग. सीट आणि फरशी थरथरत असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस (सांधे) आणि सेंटर बेअरिंग. ब्रेक लावल्यावरच होत असेल तर डिस्क किंवा ड्रम. उभ्या गाडीत इंजिन फिरवूनही थरथर आली तर चाकांचा संबंध नाही, इंजिनचे माउंटिंग बघा.

अगदी २०-३० च्या वेगातही गाडी डुलत असेल तर थांबा. टायरच्या आतला पट्टा सुटत असण्याची शक्यता मोठी आहे आणि असं टायर वेगात फुटू शकतं. चाक उचलून नक्षीजवळ एक पट्टी स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. फट १.५ मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल, तर बॅलन्सिंगची वजनं लावून उपयोग नाही. रिम वाकली आहे का बघा; ती ठीक असेल तर टायर बदला. फुगवटा असलेलं किंवा तारा दिसणारं टायर त्याच दिवशी काढा.

मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारी होतात. कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे (‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदललेलं बरं. उभी ठेवताना टायरांवर ऊन पडू देऊ नका आणि महिन्यातून एकदा तरी गाडी थोडी हलवा, नाहीतर एकाच जागी सपाटी येते.

हे सगळं झाल्यावर बॅलन्सिंग करा आणि मग नेहमीचं सामान, भरलेली टाकी यांसह गाडी अलाइनमेंटला न्या. चाकं बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. सुमारे ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.