दोन फ्लॅट, कराच्या हिशेबात एक घर: कसे करावे

‘मधली भिंत पाडा, झालं एक घर,’ हा सल्ला देणाऱ्याला नोटिशीचं उत्तर लिहावं लागत नाही.

आधी गरज तपासा. दोन्ही फ्लॅटमध्ये स्वतःच राहत असाल तर आर्थिक वर्ष 2019-20 पासून दोन घरांचं वार्षिक मूल्य (ज्यावर कर लागतो ते मानीव भाडं) शून्यच धरतात. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावटही दोन्ही मिळून 2 लाखांपर्यंतच. यासाठी फ्लॅट ‘एक’ ठरवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

खरा प्रश्न येतो जुनं घर विकून भांडवली नफा गुंतवताना. (कलमांचे क्रमांक 1961 च्या आयकर कायद्यातले आहेत.) कलम 54 ची सवलत, म्हणजे घर विकून झालेला नफा नव्या घरात घातल्यास त्यावरची करमाफी, करनिर्धारण वर्ष 2015-16 पासून भारतातल्या एकाच घरावर मिळते. नफा 2 कोटींच्या आत असेल तर दोन घरं चालतात, पण आयुष्यात एकदाच. फ्लॅट खरोखर जोडणार असाल तर तो पर्याय इथे खर्ची घालू नका.

करारनामे दोन असले तरी घाबरू नका. दोन स्वतंत्र करारांनी घेतलेल्या, पण एकच स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटना मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये एक घर मानलं आहे.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. ‘आम्ही एकत्र राहतो’ हे तोंडी सांगून अधिकारी मानत नाही, आणि का मानावं? फ्लॅट शेजारचे किंवा वरखालचे हवेत. एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक सातव्यावर, असली जोडी विसरा. सोसायटीची ना हरकत आणि महापालिकेची मंजुरी घेऊनच भिंतीला हात लावा. तुळई-खांबांबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. दुसरं स्वयंपाकघर खरंच काढा. ओटा, सिंक, गॅसची जोडणी तशीच ठेवून त्याला ‘स्टोअर रूम’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. तपासणीत पहिलं बोट तिथेच जातं. आर्किटेक्टचा आधीचा आणि नंतरचा नकाशा, ठेकेदाराची बिलं, तारखेसह फोटो एका फायलीत ठेवा. मालमत्ता कर आणि वीज मीटर एकत्र करून मिळाले तर उत्तमच. हे सगळं नोटीस आल्यावर जमवायला गेलात तर कागदांवरच्या तारखाच तुमच्याविरुद्ध बोलतील. आणि एक फ्लॅट भाड्याने दिलात तर विषय संपला.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला नफा भांडवली नफा खाते योजनेत, म्हणजे त्यासाठीच्या खास बँक खात्यात, भरा.

शेअर किंवा जमीन विकून आलेले पैसे घरात घालताना मिळणारी कलम 54एफ ची सवलत वापरणार असाल तर जास्त जपा. विक्रीच्या दिवशी तुमच्याकडे आधीचं एकापेक्षा जास्त घर असेल तर सवलत मिळत नाही. तेव्हा आधीपासूनचे न जोडलेले दोन फ्लॅट दोन घरं म्हणून मोजले जातील. जोडणी विक्रीआधी पूर्ण करा.

आणि तीन वर्षं त्यातला कुठलाही भाग विकू नका.