पदकाच्या कडेवरून सापडलेली नोंद
पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या पणजोबांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नावाने शोधताना मला वारंवार अपयश आले, कारण मराठी नावांचे रोमन स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असे आणि आडनाव बहुधा लिहिलेलेच नसे. घरी जपलेल्या पदकाच्या कडेवर मात्र त्यांचा शिपाई क्रमांक आणि ११७ वी मराठा पलटण असे कोरलेले होते; तिरप्या उजेडात भिंगाने ते वाचता आले. नाव वगळून क्रमांक आणि पलटण एवढ्यावरच शोध घेतल्यावर नोंद मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली, म्हणून त्याआधीचे कागद पलटणीच्या जुन्याच क्रमांकाखाली (११७) पाहावेत. नोंदीत त्यांच्या वडिलांचे नाव आणि आमचे गावही होते.