स्ट्राँग बिअरला गुण देण्याची घाई नको

इम्पिरियल स्टाउट (काळी, कडक बिअर) किंवा बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी कडक बिअरच) फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखून गुण देऊ नका. ४-५ अंशांवर वास दबून राहतो. १२-१३ अंशांपर्यंत येऊ द्या. पोटाला फुगीर, तोंडाला निमुळत्या ग्लासात जेमतेम ६० मिली ओता, तळव्यात धरा, आधी नुसता वास घ्या. थंड असताना करपट कडू लागलेल्या स्टाउटमधून थोड्या वेळाने मनुका, काकवी, कोको असं एकेक उलगडत जातं. मला तर तोच क्षण सगळ्यात आवडतो. घोट गिळल्यावर घशात नुसती जळजळ उरली तर गुण कापा. १० टक्के अल्कोहोल असूनही चांगली बिअर फक्त ऊब देते. एका बैठकीत अनेक बिअर चाखायच्या असतील तर हलकी आधी, जड शेवटी. चौथ्या नमुन्यानंतर दिलेले गुण मी धरत नाही.