जंगलाची शिव फिरताना: जीपीएस, मोबाइल की नकाशा आणि होकायंत्र?

सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे सगळ्या गावाने मिळून जंगलावर मागायच्या हक्काच्या, दाव्यासाठी गावाची शिव, म्हणजे हद्द, फिरायची असो, तेंदूपत्त्याची संकलन केंद्रे नकाशावर दाखवायची असोत किंवा मेळघाटातली एखादी जुनी पायवाट नोंदवून ठेवायची असो, ग्रामसभेत पहिली चर्चा होते ती यंत्र कोणते घ्यायचे याची. काम संपल्यावर हातात काय हवे, हे त्याआधी ठरलेले बरे. वाट सापडण्यासाठी दहा-पंधरा मीटरची चूक चालून जाते आणि शेकडो हेक्टर जंगलाच्या हद्दीतही ती फारशी जाणवत नाही. दोन एकरांच्या वहितीचे क्षेत्रफळ काढताना मात्र तीच चूक सगळा हिशेब बिघडवते.

बहुतेक कामांना हातातला मोबाइल पुरतो, असे माझे मत आहे. मोबाइलचे जीपीएस टॉवरवर नव्हे, उपग्रहांवर चालते. टॉवरमुळे पहिले ठिकाण लवकर सापडते, एवढाच त्याचा उपयोग. म्हणून भामरागड किंवा धारणीकडे रेंज गेली तरी, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असेल तर, आपण कुठे आहोत हे पडद्यावर दिसते. ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखे ॲप तालुक्याच्या गावी चांगले नेटवर्क असताना घ्यावे, आपल्या भागाचा नकाशा उतरवावा आणि जंगलात शिरण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. नाहीतर रेंज शोधता शोधताच बॅटरी संपते. त्या मोडमध्ये आपल्या फोनचे जीपीएस चालू राहते ना, हे घरच्या धुऱ्यावर एक फेरी मारून तपासावे. या नकाशांत जंगलातल्या पायवाटा अनेकदा नसतातच, तेव्हा चाललेल्या वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅक, सुरुवातीपासून चालू ठेवावा.

मोबाइलची खरी परीक्षा आपल्याकडचे ऊन घेते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना उघड्यावर धरलेला फोन तापून पडदा मंद करतो, कधी बंदही पडतो. पावसाळ्यात ओली बोटे पडद्यावर चालत नाहीत. पॉवर बँक बॅटरीचा प्रश्न सोडवते, तापण्याचा नाही.

हातात धरायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र इथे उपयोगी पडते. त्याला बटणे असतात, ते पाण्याला दाद देत नाही आणि अनेक यंत्रे दोन साध्या पेन्सिल सेलवर दिवसभर चालतात. असे सेल गावच्या दुकानातही मिळतात. मात्र ते मोबाइलपेक्षा कितीतरी अचूक असते हा समज खरा नाही. मोकळ्या आकाशाखाली दोन्हींची चूक साधारण तीन ते पाच मीटरांची असते आणि दाट पानांखाली दोन्हींची वाढते. आपल्या सागवनात हे ऋतूवर अवलंबून आहे: भाद्रपदात सागाचे रुंद पान आकाश झाकते, तर फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेली असते आणि गवतही बसलेले असते. शिव फिरण्याचे काम शक्यतो तेव्हाच, सकाळच्या प्रहरी करावे आणि हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटे थांबून सरासरी नोंद घ्यावी. यंत्र विकत घेताना एक खबरदारी: उपग्रहावरून संदेश पाठवणारे मॉडेल आपल्या देशात परवानगीशिवाय वापरणे बेकायदा आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून पाठवले तरी ते घेऊन जंगलात जाऊ नये.

नकाशा आणि होकायंत्र मागे पडले असे समजू नये, कारण पडद्यावर अख्खा डोंगर एका नजरेत दिसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर; नाले, टेकड्या आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) पाहून शिव कुठून जाते हे घरी बसून ठरवता येते. या मालिकेच्या जुन्या क्रमांकांत नागपूर, अमरावतीकडचे नकाशे 55 क्रमांकाखाली येतात, तर 80 रेखांशाच्या पूर्वेचा गडचिरोली, गोंदियाचा भाग 64 आणि 65 खाली. जुन्या पत्रकांत, म्हणजे जुन्या छापील नकाशांत, अक्षांश-रेखांशांसाठी पृथ्वीच्या आकाराची एव्हरेस्ट नावाची मोजणी आधाराला धरलेली असते आणि जीपीएसमध्ये डब्ल्यूजीएस 84 नावाची. हा फरक न मिळवता जीपीएसचा आकडा जुन्या पत्रकावर मांडला तर बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो.

होकायंत्राच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण विदर्भात सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा आणि नकाशावरची खरी उत्तर दिशा यांतला फरक एक अंशाहूनही कमी आहे आणि पायी चालताना तो सोडून देता येतो. कमरेची कुऱ्हाड, खिशातला मोबाइल आणि मोटरसायकल यांच्यापासून मात्र होकायंत्र दूर धरावे. लोहखनिजाच्या टेकडीवर सुई एकाच ठिकाणी पाहून विश्वास ठेवू नये. थोडे पुढे जाऊन पुन्हा पाहावी.

अक्षांश-रेखांशांचे आकडे लिहिताना होणारी चूक यंत्राच्या चुकीपेक्षा मोठी असते. 20.30 अंश आणि 20 अंश 30 मिनिटे हे एकच समजले, तर ठिकाण बावीस किलोमीटर सरकते. सगळ्यांच्या यंत्रांत एकच पद्धत लावून घ्यावी आणि वहीवर ती पद्धत वरच लिहून ठेवावी.

क्षेत्रफळाचे काय? एक एकराच्या चौकोनाची बाजू जेमतेम 64 मीटर भरते, त्यामुळे पाच मीटरची चूक तिथे फार मोठी ठरते. वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यातल्या तुकड्याला टेपने मोजून पडताळावे, आणि शेताच्या बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला पर्याय नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एवढ्या विस्तारात काही मीटरांनी वाद होत नाही; वाद होतो तो नाल्याचा हा काठ आपला की तो, यावर.

म्हणून ग्रामसभेने एकच जीपीएस यंत्र घ्यावे, दोघांचे मोबाइल तयार ठेवावेत आणि छापील नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावा. जाणत्या म्हाताऱ्याला आणि शेजारच्या गावच्या दोघांना बरोबर घ्यावे. प्रत्येक बिंदूचा क्रमांक, वनखात्याचा कक्ष क्रमांक, गावात चालणारे ठिकाणाचे नाव आणि फोटो वहीत टिपावा, सायंकाळी दोन्ही गावांच्या सह्या त्याच पानावर घ्याव्यात आणि ट्रॅकची फाइल त्याच रात्री दुसऱ्या फोनमध्ये उतरवून ठेवावी.